गगनचुंबी इमारती आणि वाऱ्याचं गणित

"सिव्हिलवाल्यांचं काय, वाळू-सिमेंट-खडी आणि वरून थोडं पाणी!" हे वाक्य मेसमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. म्हणून यंदा ठरवलं, की आपल्या देशातल्या उंच इमारतींवर लिहायचं, आणि असं लिहायचं की मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलच्या मंडळींनाही त्यात आपलं काही सापडेल. सेकंड इयरच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या फार पुढचं यात काही नाही, तेव्हा घाबरू नका.

आधी थोडा इतिहास. मद्रासच्या माउंट रोडवर १९५९ साली एल.आय.सी.ची इमारत उभी राहिली. उंची १७७ फूट, म्हणजे साधारण ५४ मीटर. त्या वेळी देशात तिच्याइतकी उंच इमारत नव्हती. लंडनचे आर्किटेक्ट काम अर्ध्यावर सोडून गेले आणि मद्रासला स्थायिक झालेल्या एल. एम. चितळे यांनी ते पुरं केलं, हे मला अलीकडेच कळलं. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, मुंबईत कारमायकेल रोडवर २५ मजली 'उषा किरण' झाली आणि मान मुंबईकडे आला. पुढे कफ परेडचं १५६ मीटरचं वर्ल्ड ट्रेड सेंटर, मग २०१० मध्ये ताडदेवचे २५४ मीटरचे इम्पीरियल टॉवर्स, त्यानंतर वरळीचा २८० मीटरचा वर्ल्ड वन आणि महालक्ष्मीचा सुमारे ३०० मीटरचा मिनर्वा. दुबईच्या ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफापुढे हे आकडे किरकोळ वाटतील. पण वर्ल्ड वन मुळात ४४२ मीटरचा आखला होता. विमानवाहतूक खात्याची परवानगी मिळेना, म्हणून तो कापावा लागला. विमानतळ शहराच्या पोटात असला की आकाशसुद्धा मोजून मिळतं.

आता गणिताकडे वळू. सामान्य माणसाला वाटतं, की इमारत जितकी उंच तितकं वजन जास्त, म्हणून ती बांधणं अवघड. वजनाचा प्रश्न आहेच, पण तो सरळ वाढतो. आपलं होस्टेल चार मजली आहे, उंची धरा १४ मीटर. २८० मीटरचा टॉवर त्याच्या २० पट उंच. पायाचं माप तेच ठेवलं तर वजन साधारण २० पट. पण वारा आडवा येतो. जमिनीत घट्ट रोवलेली काठी म्हणजे आपली कॅन्टिलिव्हर, आणि तिच्यावर सगळीकडे सारखा लोड. तळाशी येणारा मोमेंट उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४०० पट. आणि शेंड्याचं डिफ्लेक्शन? डब्ल्यू एल रेझ्ड टू फोर अपॉन एट ई आय. परीक्षेत सगळेच लिहितो, पण वीसचा चौथा घात कधी काढून बघतो का? १,६०,००० पट! शिवाय वर जावं तसा वाऱ्याचा वेगही वाढतो, ते यात धरलेलंच नाही.

वाऱ्याचा जोर किती, तेही बघू. आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईचा बेसिक विंड स्पीड सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ११८ किलो. टॉवरची एक बाजू २५ मीटर रुंद धरली तर अख्ख्या भिंतीवर आठशे टनांच्या वर आडवा रेटा येतो. ढोबळ हिशेब आहे, सगळे फॅक्टर लावले तर आकडा बदलेल, पण अंदाज यायला पुरे.

या रेट्याला तोंड देतात त्या लिफ्टच्या भोवतालच्या जाडजूड काँक्रीटच्या भिंती, म्हणजे कोअर, आणि शिअर वॉल्स. बाहेरचे कॉलम काही मजल्यांवर दणकट बीम्सनी कोअरला जोडले, की माणूस पाय फाकवून उभा राहतो तशी इमारत उभी राहते. त्याला आउटरिगर म्हणतात. एवढं केलं की इमारत पडत नाही. अगदी खरं सांगायचं तर न पडणारी इमारत बांधणं हा यातला सोपा भाग आहे.

अवघड भाग पुढे. उंच काँक्रीट इमारतींसाठी आपल्याकडे २०१७ साली वेगळा कोड आला, आय.एस. १६७००. वाऱ्यामुळे शेंडा उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकू नये, असं तो सांगतो. २८० मीटरला ही मर्यादा ५६ सेंटिमीटर होते. वाटतं, बरीच सूट आहे. पण त्याच कोडात माणसाचाही विचार आहे. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यात राहत्या इमारतीच्या वरच्या मजल्याचं ॲक्सिलरेशन ०.१५ मीटर प्रति सेकंद वर्गापेक्षा जास्त नको. आता मेकॅनिकलवाल्यांनी पेन काढा. एवढ्या उंच टॉवरचा एक झोका साधारण सहा सेकंदांचा. ओमेगा स्क्वेअर इनटू एक्स बरोबर ०.१५ मांडा. एक्स येतो १४ सेंटिमीटर! म्हणजे ज्या इमारतीला पडण्याच्या दृष्टीने अर्धा मीटर झुकणंही पचतं, ती वीतभर मागेपुढे झुलायला लागली की आतल्या माणसाला मळमळायला लागतं. काँक्रीटला काहीही झालेलं नसतं. झुंबर हलतं, कमोडमधलं पाणी डुचमळतं, आणि एक कोटीचा फ्लॅट घेतलेला माणूस रात्री जिन्याने खाली उतरतो. (वरच्या मजल्यावर एक कोटीत कोण देतोय म्हणा!)

त्यात आणखी एक भानगड. वारा इमारतीला वळसा घालून जाताना दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि इमारत वाऱ्याच्या दिशेला आडवी डोलते. या भोवऱ्यांचा ताल आणि इमारतीचा स्वतःचा ताल एक झाला की रेझोनन्स. आपल्या २५ मीटर रुंद चौकोनी टॉवरसाठी हे सेकंदाला ४१ मीटरच्या आसपास जुळतं, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले होते, तेव्हा हा आकडा काही परग्रहावरचा नाही. म्हणून कोपरे कापतात, उंचीप्रमाणे आकार बदलतात, विंड टनेलमध्ये मॉडेल ठेवून तपासतात. तैवानच्या तायपेई १०१ मध्ये तर वर ६६० टनांचा गोळा लंबकासारखा टांगला आहे. इमारत एकीकडे, गोळा दुसरीकडे.

हे सगळं पुस्तकातून वाचलं, पण डोक्यात शिरलं गेल्या उन्हाळ्यात. ट्रेनिंगसाठी लोअर परळच्या एका साइटवर सहा आठवडे होतो आणि राहायला मामांकडे, परळच्या चाळीत. मामा गिरणीत बदली कामगार होते. आसपासचे कितीतरी टॉवर गिरण्यांच्याच जमिनींवर आलेत, वर्ल्ड वनसुद्धा श्रीनिवास मिलच्या जागेवर आहे. मामांच्या चाळीच्याही पुनर्विकासाच्या मीटिंगा सुरू आहेत. एक दिवस जेवताना ते म्हणाले, "आमच्या वाट्याला चाळीस मजली येणार म्हणतात. तू एवढा शिकलास, सांग बघू, वरचा घ्यावा की खालचा?"

मी वाऱ्याचं सांगायला लागलो. मामांनी हात वर केला. "वारा ठीक आहे रे. आग लागली तर?"

या प्रश्नावर माझ्याकडे समीकरण नव्हतं. मद्रासची ती एल.आय.सी.ची इमारत १९७५ मध्ये पेटली होती. ढाचा टिकला, इमारत आजही वापरात आहे. पण ढाचा टिकणं आणि माणूस वाचणं वेगळं. करी रोडला २२ ऑक्टोबर २०२१ रोजी साठ मजली वन अविघ्न पार्कमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. एक सुरक्षारक्षक गॅलरीला लटकला आणि त्याला वाचवण्याआधीच खाली पडून गेला. मुंबईच्या अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरच्या आसपास पोचते. त्याच्या वर शिडी हा उपायच नाही. तिथे इमारतीनेच स्वतःला वाचवायचं असतं : धूर न शिरणारे जिने, वेगळा फायर लिफ्ट, पाण्याने भरलेले पाइप, स्प्रिंकलर, आणि ठरावीक मजल्यांवर मोकळी ठेवलेली रेफ्युजची जागा. आमच्या साइटवर मी हे सगळं ड्रॉइंगवर पाहिलं आणि बांधतानाही पाहिलं. पण मामांच्या ओळखीच्या एका पुनर्वसन इमारतीत गेलो, तर रेफ्युजच्या जागेत जुन्या गाद्या आणि सायकली होत्या, आणि जिन्याचा फायर डोअर वीट लावून उघडा ठेवलेला होता. हवा यावी म्हणून.

मग मामांना पाण्याचंही सांगितलं. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब, म्हणजे १२० मीटरच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून थेट पाइप खाली आणला तर तळाचे नळ बारा किलोच्या दाबाने फुटतील. म्हणून मध्ये टाक्या किंवा दाब कमी करणारे व्हॉल्व्ह लागतात. पंप, जनरेटर, लिफ्ट, व्हॉल्व्ह, सगळ्याला महिन्याचा खर्च. चाळीत मामा जे भाडं भरतात त्याच्या कितीतरी पट मेंटेनन्स येतो.

मामांनी ताटावरून उठता उठता विचारलं, "म्हणजे कितव्या मजल्यापर्यंत घेऊ?"

मी म्हटलं, "मामा, सातव्या-आठव्याच्या वर जाऊ नका. आणि सोसायटीच्या पहिल्या मीटिंगला मेंटेनन्सचा आकडा आणि फायर पंपाची टेस्ट कोण घेणार हे लिहून मागा."

मामी आतून म्हणाल्या, "आठव्यावरून समुद्र दिसतो का?" तेवढं मात्र मी अजून काढलेलं नाही.