फंक्शनला व्हॅल्यू द्यायची कशी? (सी++ चा एक छोटा धडा)

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुलाचा सी++ प्रोग्रॅम उत्तर बरोबर देतो पण रखडत चालतो, असं दिसलं तर फंक्शनच्या कंसात काय लिहिलंय ते आधी बघा.

समजा, १० लाख पूर्णांकांचा व्हेक्टर फंक्शनला नुसताच दिला. एक पूर्णांक साधारण ४ बाइटचा. म्हणजे फंक्शन बोलावलं की दर वेळी ४० लाख बाइटची नक्कल होते. फंक्शनला नुसती बेरीज करायची असेल, तर ही नक्कल कशाला? शिल्लक बघायला कुणी अख्ख्या पासबुकाची झेरॉक्स काढतं का?

मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा : फंक्शन या व्हॅल्यूचं काय करणार?

१. वाचणार, आणि व्हॅल्यू लहान (इंट, डबल) : नक्कलच द्या. ६४-बिट संगणकावर पत्ताच ८ बाइटचा असतो.
२. वाचणार, पण व्हॅल्यू मोठी (स्ट्रिंग, व्हेक्टर) : कॉन्स्ट रेफरन्स द्या.
३. मूळ व्हॅल्यू बदलणार : साधा रेफरन्स द्या.
४. स्वतःकडे ठेवून घेणार, आणि देणाऱ्याला ती पुन्हा नको : मूव्ह करा. ही सोय सी++११ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. व्हेक्टरमधले आकडे मेमरीत जागच्या जागी राहतात, मालक तेवढा बदलतो. जमीन तिथेच, सातबाऱ्यावर नाव दुसरं!

दुसऱ्या प्रकारात मुलं ‘कॉन्स्ट’ हटकून गाळतात. प्रोग्रॅम तरीही वेगानेच चालतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण बेरीज करताना चुकून मूळ आकडा बदलला, तर कंपायलर गप्प बसतो. ‘कॉन्स्ट’ असेल तर तो तिथेच अडवतो. म्हणून वही तपासताना हा शब्द जरूर शोधा.