मालमोटारीचा मागचा ब्रेक : ड्रम की डिस्क?

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत मालमोटारीवर पोट असलेली घरे गावोगाव आढळतात. शहाबादची फरशी, वाडी व सेडमचे सिमेंट, कलबुर्गीची तूरडाळ हा सारा माल मोटारींनीच दूरदेशी जातो. सोलापूरहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि बिदरहून कलबुर्गीकडे उतरणारा महामार्ग ५० हे दोन्ही हुमनाबादेस एकमेकांना भेटतात. तेथील गॅरेजांसमोर घटकाभर उभे राहिले, तर एक प्रश्न हमखास कानी पडतो : गाडीच्या मागच्या चाकांचे ड्रम काढून तेथे डिस्क बसवाव्यात काय? एकच गाडी, तीही कर्जाची, असा मालक हा प्रश्न विचारतो तेव्हा त्यात त्याची वर्षाची शिल्लक आणि चालकाचा जीव अशा दोन्ही गोष्टी गुंतलेल्या असतात. शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान येथे चांगलेच उपयोगी पडते. म्हणून आम्ही हा विषय निवडला आहे.

दोन्ही प्रकार जुनेच आहेत. फ्रान्समध्ये लुई रनो यांनी ड्रम ब्रेकची रचना १९०२ साली केली. त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क लावलेली जॅग्वार मोटार पहिली आली आणि जगाचे लक्ष डिस्ककडे वळले. ड्रममध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या पोकळ डब्याला दोन अर्धवर्तुळाकार शू आतून दाबले जातात. डिस्कमध्ये फिरत्या तबकडीला दोन पॅड दोन्ही अंगांनी चिमटीत धरतात.

ब्रेक गती नाहीशी करतो असे आपण बोलण्यात म्हणतो. वस्तुतः तो गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. सोळा टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे २२ लाख ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेने साडेसहा लिटर थंड पाणी उकळीला येईल. वेग ८० केला की हाच आकडा सुमारे ४० लाखांवर जातो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. परंतु खरी परीक्षा सपाटीवर थांबण्यात नाही. ती उतारावर आहे. सोळा टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ७८५ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ६० च्या वेगावरून पस्तीस वेळा थांबण्याइतकी. मुंबईच्या वाटेवरील बोरघाटाचा उतार साधारण एवढाच आहे. आपल्या जिल्ह्यांतील रस्त्यांवर असा दीर्घ घाट नाही. बिदरचे पठार कलबुर्गीपेक्षा उंच आहे खरे, परंतु ती उंची शंभराहून अधिक किलोमीटरांत सावकाश उतरते. म्हणून आमच्या मते पहिला विचार गाडीच्या वाटेचा करावा. हुमनाबाद ते हैदराबाद जाणारी गाडी आणि दर आठवड्यास घाट उतरून बंदरावर जाणारी गाडी यांना एकच उत्तर देता येणार नाही.

उष्णतेने ड्रमचे काय होते? ४१० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे सव्वा मिलिमीटरने वाढतो. तो शूपासून दूर सरकतो. शूला तेवढे जास्त अंतर कापावे लागते, आणि हवेच्या दाबाने पुढे येणाऱ्या दांड्याचा प्रवास त्याच्या कित्येक पटींनी वाढतो. दांड्याची हद्द संपली की पायाखाली पेडल असते, पण चाकावर दाब नसतो. त्याच वेळी तापलेल्या लायनरचे घर्षणही घटते. चालक लोक ‘ब्रेक उतरला’ म्हणतात ती ही अवस्था. डिस्क मात्र तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच वाढते. शिवाय ती उघडी असल्यामुळे वारा तिला थंड करतो. येथे डिस्कचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. एवढे ऐकून पुष्कळ मालक पैसे मोजण्यास तयार होतात.

आता दुसरी बाजू पाहू. गाडी थांबवताना भार पुढे झुकतो. समजा, सोळा टनांच्या गाडीचा पुढच्या आसावर सहा आणि मागच्यावर दहा टन भार आहे. दोन आसांतील अंतर ४·८ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून दीड मीटर उंच आहे. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या वेगमंदनाने ती थांबवली, तर अडीच टन भार मागून पुढे जातो. तरीही मागे साडेसात टन उरतात. भरलेल्या मालमोटारीचा मागचा ब्रेक महत्त्वाचा असतो तो यामुळे. पण तीच गाडी पुण्याला फरशी उतरवून रिकामी परत येत असेल तर? एकूण सहा टन, त्यांपैकी मागे अडीच आणि थांबवताना जेमतेम एकोणीसशे किलो. रबर आणि डांबर यांच्यातील पकड या भारावर अवलंबून असते. ब्रेक कितीही बलवान केला तरी ती तिळभर वाढत नाही. रिकाम्या गाडीचा मागचा ब्रेक गरजेपेक्षा जोरात धरला की चाके जागीच बांधली जातात, टायर घसरतो आणि गाडीचे शेपूट रस्त्यावर फिरते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो, हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच कारखान्यात पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाण काळजीपूर्वक ठरवलेले असते, आणि पुष्कळ गाड्यांत भारानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारी झडप असते. ही सारी जुळणी ड्रमचा हिशोब धरून केलेली असते. ड्रममधील एक शू चाकाच्या फिरण्यानेच आत ओढला जाऊन आपला दाब आपणच वाढवतो. डिस्कच्या पॅडला ही मदत मिळत नाही, त्यामुळे तिला अधिक जोराने चिमटावे लागते. दोहोंची गणिते निराळी आहेत. एक काढून दुसरे घातले की हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो, आणि गॅरेजात तो मांडण्याचे साधन नसते.

शिवाय गाडी उभी असताना तिला धरून ठेवणारी जोरदार स्प्रिंग बहुधा मागच्याच चाकांशी असते. टाकीतील हवा गेली तरी ही स्प्रिंग चाक धरते. डिस्क बसवायची तर हे कोठेही जुळले पाहिजे. हब, रिम आणि चाकाची गती मोजणारा दातेरी चक्र व संवेदक हेही जुळले पाहिजेत. प्रत्यक्षात संपूर्ण आसच बदलावा लागतो. त्यातून पुढे ड्रम ठेवून मागे डिस्क हा बेत आम्हांस उलटाच वाटतो. ज्या गाड्यांत दोन प्रकार एकत्र येतात तेथे डिस्क सहसा पुढे असते, कारण थांबताना भार तिकडेच जातो.

कायद्याचाही विचार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मालकाला गाडीत मनाजोगा बदल करू देत नाही, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात असा बदल उजेडात आला, तर त्याचा भार मालकावरच पडण्याची भीती असते.

तेव्हा जुन्या गाडीचे मागचे ड्रम काढू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. घाटाचीच वाट रोजची असेल, तर पुढची गाडी घेताना कारखान्यातून डिस्कसह आलेली पाहावी. तोवर उतारावर खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक यांनी वेग धरावा. वरच्या गिअरमध्ये उतरून पेडलवर पाय ठेवून बसणे हेच ड्रम तापण्याचे मुख्य कारण असते. एकाच आसाच्या दोन्ही चाकांना एकाच जातीचे लायनर घालावेत. हवेच्या टाकीतील पाणी रोज सोडावे. दांड्याचा प्रवास ठरावीक दिवसांनी मोजावा. आणि लांबचा पल्ला संपवून गाडी थांबली की प्रत्येक ड्रमजवळ वीतभर अंतरावर तळहात धरून पाहावे, स्पर्श मात्र करू नये. एक ड्रम इतरांहून फार तापला असेल, तर तेथील शू अडकले आहेत. एखादा गारच राहिला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक काम करीत नाही, आणि त्याच्या वाटणीचे काम उरलेली चाके करीत आहेत.