पडद्यावरील शिपाई आणि रानातील परीक्षा

ग्वाल्हेरातील लष्कर या भागाचे नावच छावणीवरून पडले आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला, आणि पुढे राहुट्यांच्या जागी वाडे, पेठा व देवळे उभी राहिली. आमचे सिटी सेंटर त्या मानाने अगदी अलीकडचे. येथे दुकाने, कचेऱ्या आणि शिकवणीचे वर्ग यांचीच गर्दी. तरीही महाराजपुऱ्याच्या विमानतळावरून उडालेली वायुदलाची विमाने येथील मुले रोज माना वर करून पाहतात, आणि सीमा सुरक्षा दलाची टेकनपूर येथील अकादमीही फार दूर नाही. अशा शहरात ‘मी सैन्यात होतो’ असे कोणी म्हटले, की त्याचा शब्द प्रमाण मानण्याकडे मन सहज झुकते. हा आदर योग्यच आहे. परंतु योग्य आदराचाही कोणी उपयोग करून घेऊ शकतो, म्हणून या विषयाचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

दूरचित्रवाणीवर, आणि आता भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर, रानावनात एकाकी तगून राहण्याची विद्या शिकविणारे तज्ज्ञ आपण पाहतो. त्यांत बेअर ग्रिल्स यांचे नाव घरोघरी झाले आहे. ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ ही त्यांची मालिका २००६ मध्ये सुरू झाली. १२ ऑगस्ट २०१९ रोजी कॉर्बेट अभयारण्यात भारताच्या पंतप्रधानांसह चित्रित झालेला त्यांचा भाग प्रसारित झाला, आणि ज्यांनी पूर्वी त्यांना कधी पाहिले नव्हते त्या आजी-आजोबांनाही ते ठाऊक झाले. अशा तज्ज्ञांची ओळख करून देताना बहुधा पहिलेच वाक्य असते, की हे पूर्वी सैन्यात होते. या वाक्याची परीक्षा कशी करावी?

मराठी माणसाला असली परीक्षा नवी नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या अंताविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. पार्वतीबाईंनी तर वैधव्य पत्करलेच नाही. या शंकेचा आधार घेऊन उत्तरेकडील एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. त्यास पकडून रत्नागिरीस कैदेत ठेविले. १७७६ मध्ये तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्यास बाहेर काढले, आणि बघता बघता कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. आम्ही जन्माने कोंकणीभाषी. समुद्रकाठची साधी, विश्वासू माणसे एका नावामागे कशी धावली असतील, याची कल्पना आम्हांस चांगली येते. अखेर महादजी शिंदे त्याच्यावर चालून गेले, तोतया पळाला, आंग्र्यांच्या हाती सापडला, आणि पुण्यात चौकशी होऊन त्यास देहान्त शासन झाले. तोतयाला जे बळ मिळाले त्यातील फार थोडे त्याच्या कर्तबगारीचे होते. बाकीचे लोकांच्या इच्छेतून आले होते. भाऊ परत यावेत, असे सर्वांस वाटत होते.

याच्या उलट प्रकार आमच्या ग्वाल्हेरात घडला. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी एका इसमास नानासाहेब पेशवे समजून पकडले व इंग्रजांच्या स्वाधीन केले. इंग्रज सरकारला नानासाहेब हवेच होते. तथापि त्यास कानपुरास नेऊन, ज्यांनी खऱ्या नानासाहेबांस जवळून पाहिले होते त्यांच्यापुढे उभे केले, तेव्हा ओळख पटली नाही व त्याची सुटका करावी लागली. जो तेथे प्रत्यक्ष होता त्यासच विचारावे, ही रीत कोणत्याही काळी चालणारी आहे.

आता ग्रिल्स यांच्याकडे वळू. त्यांची सैन्यातील नोकरी खरी आहे. १९९४ ते १९९७ या काळात ते ब्रिटनच्या ‘२१ एस.ए.एस.’ या पलटणीत होते, आणि १९९६ मध्ये झांबियात हवाई छत्रीचा अपघात होऊन त्यांच्या पाठीचे मणके मोडले. परंतु ही पलटण राखीव दलाची आहे. आपल्याकडील प्रादेशिक सेनेप्रमाणे तिच्यातील लोक आपापला व्यवसाय सांभाळून लष्करी शिक्षण घेतात. तेही शिक्षण अतिशय खडतर असते, यात शंका नाही. पण वर्षानुवर्षे रणांगणावर काढलेले आयुष्य ते नव्हे. पुढे शाही नौदलाच्या राखीव विभागात मिळालेले त्यांचे पद मानद आहे. मानद पद म्हणजे काय, हे आमच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. २०१० मध्ये सचिन तेंडुलकर यांस भारतीय वायुदलाने मानद ग्रुप कॅप्टन केले. म्हणून सचिन लढाऊ विमान चालवितात असे कोणी समजत नाही! मात्र परक्या देशाच्या हुद्द्यांची आपणांस माहिती नसते, आणि उरलेली जागा आपण आपल्या कल्पनेने भरून काढतो. येथे खोटे कोणी बोललेच पाहिजे असे नाही.

२००७ मध्ये एक वेगळीच गोष्ट बाहेर आली. रानात एकाकी असल्याचे भासविणाऱ्या काही भागांच्या चित्रणाच्या वेळी ग्रिल्स यांचा मुक्काम हॉटेलात होता, आणि ‘रानटी’ म्हणून दाखविलेले घोडे मुद्दाम आणलेले होते. त्यानंतर वाहिनीने भागांत दुरुस्त्या केल्या व प्रेक्षकांसाठी खुलाशाची सूचना घातली. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘ड्युअल सर्व्हायव्हल’ या दुसऱ्या मालिकेत तर एका सूत्रधाराच्या लष्करी कारकिर्दीच्या वर्णनाविषयीच प्रश्न उपस्थित झाले. अमेरिकेत या विषयावर कायदेही झाले: शौर्यपदके मिळाल्याची थाप मारणे हाच २००५ च्या कायद्याने गुन्हा ठरविला होता, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, मग २०१३ मध्ये, अशा खोट्या दाव्यातून लाभ उकळला तरच गुन्हा, असा नवा कायदा आला. आपल्याकडे सैनिक नसताना लोकांस तसे भासविण्यासाठी सैनिकाचा वेष घालणे हा दंडनीय अपराध आहे.

पण समजा, हुद्दा शंभर टक्के खरा निघाला. मग शिकवण खरी ठरली का? आमच्या मते खरा प्रश्न हा आहे, आणि तो फार क्वचित विचारला जातो. ग्रिल्स यांनी कार्यक्रमात मूत्र पिऊन दाखविले. ते दृश्य फार गाजले. आता अमेरिकी सैन्याची ‘एफ.एम. २१-७६’ ही पुस्तिका पाहा. तहानेने जीव व्याकूळ झाला तरी जे पिऊ नये, त्यांच्या यादीत समुद्राचे पाणी, रक्त आणि मद्य यांच्याबरोबर मूत्रही घातले आहे, कारण त्यातील क्षार व टाकाऊ द्रव्ये शरीरातील पाणी आणखी कमी करतात. शिपायाच्या नावाने जे दाखविले जाते, ते शिपायाच्याच पुस्तकात वर्ज्य आहे. शिवाय लष्करी शिक्षण असते धडधाकट, निवडलेल्या जवानासाठी. शत्रूच्या मुलुखातून निसटणे हा त्याचा एक हेतू असतो. वाट चुकलेल्या विद्यार्थ्याने निसटावयाचे नसते, सापडावयाचे असते. म्हणून त्याने धावाधाव न करता सुरक्षित जागी थांबावे, हेच शहाणपणाचे.

कॅनडाचे लेस स्ट्राउड हे सैनिक म्हणून पुढे आले नाहीत. आपले कॅमेरे आपणच वाहून ते रानात एकटे राहत, आणि त्यांचे काम जाणकारांनी वाखाणले. दूर कशाला, श्योपूर-शिवपुरीकडील सहरिया लोक पिढ्यान्‌पिढ्या याच रानांतून डिंक, मोहाची फुले आणि तेंदूची पाने गोळा करीत आले आहेत. कोणत्या ओढ्यास उन्हाळ्यात पाणी राहते, हे त्यांस विचारावे.

साप चावला की जखमेवर चाकूने काप घेऊन तोंडाने विष शोषण्याचा प्रकार तर चित्रपटांतून व मालिकांतून इतका दाखविला गेला आहे, की सुशिक्षित पालकांसही तो खरा वाटतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे, चौघांपैकी कोणीही चावले तरी कापणे नको, शोषणे नको, करकचून दोरी बांधणेही नको. चावलेला अवयव हलू न देता रोग्यास शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तेथे मिळते. रुग्णवाहिकेसाठी क्रमांक आहे १०८.