वेळ मागून घे

कर्वेनगर, पुणे
२७ मे २०२१

चि. छकुली हिस,


रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. फोनवर बोलले असते, पण तुझ्या घरात फोन म्हणजे चार माणसांच्या कानावर, म्हणून कागदावर लिहिते आहे. फोटो काढून पाठवीन. निवांत वाच.

तू लिहिलंस की वर्ष उलटलं आणि एक कथा पुरी झाली नाही. मैत्रिणींपैकी कुणी मंडल चित्रं काढायला लागल्या, कुणी यूट्यूबवर कवितावाचन सुरू केलं, कुणी घरात बेकरी मांडली, आणि तुला मात्र ‘एवढा वेळ मिळूनही’ काही जमलं नाही. त्या तीन शब्दांशी माझं भांडण आहे. तुला वेळ मिळाला हे कुणी सांगितलं? गेल्या वर्षी करोनाची साथ आली, कामाच्या मावशी येईनाशा झाल्या, पाळणाघर बंद पडलं, मुलीची बालवाडी मोबाइलमध्ये आली आणि जावईबापूंचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर. सासूबाईंच्या मैत्रिणींचं मंडळ बंद, त्यामुळे त्याही दिवसभर घरात. पूर्वी सगळे बाहेर पडले की अकरा ते एक घर तुझं असायचं. ‘सत्यकथा’चे जुने अंक मागवून वाचायचीस, लिहायचीस, ते त्याच दोन तासांत. ते दोन तास टाळेबंदीनं काढून घेतले आणि नाव मात्र झालं सुट्टीचं.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. शिवाय दिवसभरात घरकाम केलेल्या बायका शंभरात एक्याऐंशी आणि पुरुष सव्वीस. हा हिशेब साथीच्या आधीचा, कामाच्या मावशी येत होत्या तेव्हाचा. पुढचा तू तुझ्या घरात बसून मांड. तुझी कथा अडली ती प्रतिभा आटली म्हणून नव्हे. तिच्यासाठी ठेवलेली जागा घरच्या कामांनी भरून गेली.

आणि ज्या तुला फुललेल्या दिसतात त्यांचंही जवळून बघ. आमच्या समोरच्या इमारतीत कथकच्या ताई आहेत. त्यांचे वर्ग वर्षभर पडद्यावर चालले आहेत. त्यांची खरी अडचण पडद्यावर दिसत नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे इकडचा ठेका आणि तिकडचं पाऊल कधीच एकत्र पडत नाही. समेवर येणं हा ज्या नाचाचा प्राण, त्यात गुरू आणि शिष्या दोघी एका समेवर येऊ शकत नाहीत. त्यांनी उपाय काढला. मुलींनी आपला आवाज बंद ठेवायचा, ताईंच्या पढंतीवर, म्हणजे त्या म्हणतात त्या बोलांवर, नाचायचं, मग एकटीनं तोच तुकडा रेकॉर्ड करून पाठवायचा. ताई रात्री एकेक बघून दुरुस्त्या सांगतात. एका तासाच्या वर्गाला आता तीन तास लागतात, आणि फी आधीपेक्षा कमी. वरच्या मजल्यावरची एक मुलगी बोलती पुस्तकं वाचते. स्टुडिओ बंद म्हणून कपड्यांच्या कपाटात रजया लावून बसते, तेही सगळ्या घरांतल्या कुकरच्या शिट्ट्या थांबल्यावर. कौतुक दोघींचं करावं तितकं थोडं आहे. पण त्यांचं बघून तू स्वतःला कमी लेखावंस असं त्यात काही नाही. त्या रोजगार वाचवत आहेत.

शिवाय सगळ्याच कला कपाटात बसून करता येत नाहीत. परवा, २५ तारखेला, संगमनेरला तमाशा कलावंत कांताबाई सातारकर गेल्या. पती तुकाराम खेडकरांच्या पश्चात मुलांना घेऊन या बाईनं स्वतःचा फड उभा केला, गावोगाव नेला, राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळवला. त्या गेल्या तेव्हा महाराष्ट्रातले सगळे फड बंद होते. तमाशाची कमाई यात्रा-जत्रांची, आणि ती पाडव्यापासून खरी सुरू होते. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावकरी येऊन सुपारी देतात, आणि त्या दोन महिन्यांच्या पैशावर फडाचं वर्ष निघतं. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी लागली. यंदाचा पाडवा १३ एप्रिलचा, आणि १४ तारखेच्या रात्रीपासून पुन्हा निर्बंध. लागोपाठ दोन हंगाम गेले. एका फडावर नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका, ढोलकीवाले, स्वयंपाकी, गाडीचालक असं मोठं बिऱ्हाड जगतं. त्या बायकांना ‘घरून काम’ कसलं? समोर माणूस नसेल तर लावणी सवाल कुणाला करणार?

हे तुला लाजवायला सांगत नाही. दुसरीचं दुःख मोठं म्हणून आपलं खोटं ठरत नाही. सांगते ते एवढ्यासाठी, की तुझ्या कलेला कागद, पेन आणि बंद दार एवढंच लागतं. जिला कलेसाठी अख्खं गाव जमावं लागतं तिच्या हातात काही नव्हतं. तुझ्या हातात काहीतरी आहे, तेवढं सोडू नकोस.

मी राहते त्या भागाचं जुनं नाव हिंगणे बुद्रुक. ही वस्ती साथीशीच जोडलेली आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. पुढे पुण्यात प्लेग आणि शहरातल्या सनातन्यांचा विरोध, दोन्ही असताना १९०० मध्ये आश्रम इथे, गावाबाहेरच्या माळावर आणला. गोखले नावाच्या एका सद्गृहस्थांनी दिलेल्या जागेत एक झोपडी, आणि फर्ग्युसनमधले तास संपवून चालत येणारे अण्णा. ज्या विधवांना घरात कोपऱ्याबाहेर जागा नव्हती त्या इथे एका साथीच्या काळात पाटी घेऊन बसल्या. माळावरच्या त्या झोपडीत अडचणी काय कमी होत्या? पण त्या बायकांच्या दिवसात अभ्यासाचा वेळ ठरलेला होता, आणि तो त्यांचा आहे हे सगळ्यांना मान्य होतं. मला त्या आश्रमाचं मोठेपण सगळ्यात जास्त इथे वाटतं. आश्रमातल्या पार्वतीबाई आठवले विशी उलटल्यावर शिकू लागल्या. पुढे संस्थेसाठी मदत गोळा करायला तोडक्यामोडक्या इंग्रजीवर अमेरिकेपर्यंत गेल्या आणि परत येऊन ‘माझी कहाणी’ लिहिली. हिंगण्यातच शिकलेल्या बाळूताई खरे, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांनी १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ काढलं तेव्हा केवढा गहजब झाला. त्या पुस्तकात युद्धं नाहीत, प्रवास नाहीत. शिकलेल्या, कमावत्या, लग्न अडलेल्या मुलींच्या मनात बंद दाराआड काय चालतं, तेवढंच आहे. चार भिंतींत काही घडत नाही म्हणून लिहायला विषय नाही, असं तू लिहिलंस. ते पुस्तक पुन्हा वाच.

जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण मला हल्ली सारखं ऐकू येतं. कामात असताना बायकांनी केवढं काव्य केलं, मग आजच्या मुलींना काय झालं, असा सूर असतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा कळलं हे धन केवढं आहे. पण ती पहाटेची वेळ ध्यानात घे. घर झोपलेलं, जात्यापाशी फक्त बायका, मध्ये बोलायला कुणी नाही. काम कष्टाचं, पण कान आणि जीभ त्यांची स्वतःची. आणि दुसरं, ओवीला जात्याचा वेळ पुरतो, कादंबरीला पुरत नाही. त्या बायकांनी मिळेल त्या वेळात मावेल असा घाट शोधला. म्हणून बाईला वेळ लागतच नाही, असा अर्थ कुणी काढला तर मुळीच ऐकू नकोस.

आता करायचं काय ते सांगते. वेळ मागून घे. मनातल्या मनात नको, नवऱ्याला एकट्याला रात्री हळूच नको. जेवताना, सगळ्यांसमोर, सासूबाईंच्या देखत सांग: रोज सकाळी अमुक ते अमुक मी लिहिणार आहे, दार लावलेलं असेल, मुलगी बाबाजवळ असेल. ‘जमलं तर’ हे शब्द वापरू नकोस. जावईबापूंच्या मीटिंगला कुणी ‘जमलं तर’ म्हणत नाही. तासच माग, पण दिवसाचा ताजा तास माग. भांडी आवरून, मुलीला निजवून, डोळे मिटत असताना जो उरतो तो नको. रात्री दीडला तू मला जे लिहिलंस ते वाचून कळलं की तू किती थकली आहेस. त्या घटकेला कथा लिहायला बसू नकोस, झोप. सुरुवातीला कुरबुर होईल. वरण-भात-भाजीवर भागवा म्हणावं. सासूबाई मला चांगल्या माहीत आहेत. त्यांना पेटीचा नाद होता, लग्नानंतर ती माळ्यावर गेली ती गेलीच. त्यांना हे मागणं तुझ्या अंदाजापेक्षा लवकर समजेल. त्यांच्यासाठीही एक तास माग.

घाट लहान घे. कादंबरीचा आराखडा ठेवून दे. चार पानांची गोष्ट, एक व्यक्तिचित्र, नाहीतर नुसती रोजची नोंद कर. सात ते अकरा या दुकानांच्या वेळात वाण्याकडे रांगेत कोण काय बोललं, ऑनलाइन शाळेत मुलगी कॅमेऱ्यापासून तोंड का लपवते, कामाच्या मावशींना पगार घरपोच द्यायला गेलीस तेव्हा त्यांच्या दारात काय पाहिलंस. साथीवर भाष्य करायला जाऊ नकोस, ते करणारे पुष्कळ आहेत. तुझ्या गल्लीचं लिहिणारं दुसरं कुणी नाही.

फुकट मात्र काही देऊ नकोस. ‘ताई, आमच्या पानावर लाइव्ह याल का, मानधन नाही पण प्रसिद्धी मिळेल’ असं विचारणाऱ्यांना नम्रपणे नकार दे. माझ्या ओळखीतल्या एका गायिकेनं पहिल्या वर्षात अशा कार्यक्रमांत हौसेनं गाऊन घेतलं, आणि आता तिकीट लावायचं म्हटलं तर तेच लोक कुरकुरतात. मोबदला शंभर रुपये असला तरी चालेल, पण तो असू दे.

राहिलं दुःखाचं. एप्रिलमध्ये तुझे काका गेले, त्यांना शेवटचं बघायलाही मिळालं नाही. त्यानंतर तुला अक्षर लिहवलं नाही, आणि त्यालाही तू आळस म्हणतेस. तो दुखवटा आहे. त्याला त्याचा वेळ घेऊ दे. त्याच महिन्यात, १९ एप्रिलला, चित्रपट दिग्दर्शिका सुमित्राताई भावेही गेल्या. सामाजिक संशोधन करता करता चाळिशी ओलांडल्यावर, १९८५ मध्ये, त्यांनी ‘बाई’ हा पहिला लघुपट केला. त्यांचा ‘दिठी’ हा चित्रपट गेल्या शुक्रवारी सोनी लिव्हवर आला. थिएटरं बंद, त्यामुळे घरीच पाहिला. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा आहे, मुलगा गमावलेल्या वारकऱ्याचा. तू आणि जावईबापू दोघं मिळून बघा, मुलगी झोपल्यावर. मी पाहिल्यावर बराच वेळ कुणाशी बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी तुझ्या काकांबद्दल दोन पानं लिहिली. तुलाही कदाचित त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल.

लस मिळत असेल तर नोंदणी चुकवू नकोस, सासूबाईंचा दुसरा डोस लक्षात ठेव. सोमवारपासून तास सुरू कर. पहिली चार पानं झाली की टाइप करत बसू नकोस, तशीच फोटो काढून पाठव. शुद्धलेखन मी बघेन.

तुझी
मावशी