राष्ट्रपतींच्या दोन सह्या

मागच्या महिन्यात मंडळाच्या शनिवारच्या अभ्यासवर्गात एका ज्युनिअरने विचारलं, "राष्ट्रपती म्हणजे नुसता रबर स्टॅम्पच ना? मग एवढी शपथ, एवढी निवडणूक कशाला?" प्रश्न राज्यशास्त्राचा, आणि उत्तर द्यायची पाळी आली साहित्याच्या विद्यार्थिनीवर. तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्याची भरपाई.

त्या दिवसांत मी ई. एम. फॉर्स्टरचं 'द हिल ऑफ देवी' वाचत होते. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या महाराजांचा खासगी सचिव होता आणि त्या अनुभवावरचं हे पुस्तक १९५३ साली आलं. देवासवरून मी संस्थानिकांच्या तनख्यांकडे गेले, आणि तनख्यांवरून थेट सुप्रीम कोर्टात पोचले. म्हणून उत्तरही माळव्यातून फिरून येतंय, जरा धीर धरा.

धार आणि देवास ही मराठ्यांची माळव्यातली ठाणी. दोन्हीकडे पवार. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. देवासची तर गंमतच. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांपासून तिथे दोन गाद्या चालत आल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, राजे दोन. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एका पातीचा कारभार, दुसऱ्या बाजूला दुसरीचा. पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थासुद्धा वेगळी. अधिकार कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो हे देवासकराला रस्ता ओलांडताना कळत असणार. आपल्याला त्यासाठी राज्यघटना वाचावी लागते.

२८ मे १९४८ ला ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास आणि आजूबाजूची संस्थानं मिळून मध्यभारत हे राज्य झालं. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. राजांनी सत्ता सोडली, त्या बदल्यात त्यांना करमुक्त तनखा आणि काही मानमरातब देण्याचं वचन मिळालं. ते वचन घटनेच्या कलम २९१ आणि ३६२ मध्ये आलं. आणि 'संस्थानिक' म्हणजे कोण? ज्याला राष्ट्रपतींनी तशी मान्यता दिली आहे तो. हे कलम ३६६ च्या २२ व्या उपकलमात आहे. ३६६ हे शब्दांच्या व्याख्या देणारं कलम, म्हणजे घटनेच्या पाठीमागे जोडलेला छोटासा शब्दकोशच. साहित्यवाल्यांनी हे लक्षात ठेवा, पुढे सगळं भांडण याच शब्दकोशावरून झालं.

मध्यभारत हे 'ब' वर्गातलं राज्य होतं. मूळ घटनेच्या कलम ३७१ प्रमाणे अशा राज्यांच्या सरकारांवर पहिली दहा वर्षं राष्ट्रपतींचं सर्वसाधारण नियंत्रण होतं, मुंबई राज्यावर तसं नव्हतं. पण त्याच कलमात ही मुदत कमीजास्त करायचा अधिकार संसदेला दिला होता. राष्ट्रपतींच्या हातात दोरी दिली, पण तिची लांबी संसद ठरवणार. १९५६ मध्ये राजप्रमुख हे पदच गेलं आणि मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाला. तनखे मात्र चालूच राहिले.

आता १९७०. इंदिरा गांधींच्या सरकारने तनखे बंद करायचं ठरवलं आणि घटनादुरुस्ती विधेयक आणलं. घटनादुरुस्तीला कलम ३६८ प्रमाणे दोन्ही सभागृहांत वेगवेगळं, हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश बहुमत लागतं (शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त). २ सप्टेंबरला लोकसभेत विधेयक पास झालं. ५ सप्टेंबरला राज्यसभेत बाजूने १४९ मतं, विरोधात ७५. एकूण २२४. त्याचे दोन तृतीयांश किती? १४९.३३. म्हणजे १५० हवी होती. एक मत कमी! मी हे मोबाइलवर दोनदा करून पाहिलं.

इथे थोडं थांबूया, कारण राज्यसभेला आपण उगाच 'म्हाताऱ्यांचं सभागृह' म्हणतो. राज्यसभेचे बहुतेक सदस्य राज्यांच्या विधानसभांतले आमदार निवडून देतात. धारचा आमदार, देवासचा आमदार भोपाळमध्ये मत देतो आणि ते दिल्लीत पोचतं. संघराज्यात घटना बदलायची तर लोकसभेतली लाट पुरत नाही, या दुसऱ्या दारातूनही जावं लागतं. ५ सप्टेंबरला ते दार एका मताने बंद राहिलं.

मग सरकारने काय केलं? मंत्रिमंडळाची बैठक झाली. राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी तेव्हा हैदराबादला होते. काही तासांतच त्यांची सही झाली आणि ६ सप्टेंबरच्या आदेशाने देशातल्या सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढून घेतली गेली. धार, देवास, ग्वाल्हेर, सगळ्यांना एकाच नमुन्याचे आदेश. युक्तिवाद सोपा होता: मान्यता राष्ट्रपती देतात, तर तेच काढूही शकतात. संस्थानिकच उरला नाही, तर तनखा देणार कुणाला? कलम २९१ ला हातही न लावता ते रिकामं झालं.

खरं सांगायचं तर मी तनख्यांच्या बाजूची नाही. प्रजासत्ताकात जन्मामुळे कुणाला करमुक्त पैसे मिळावेत हे पटत नाही. अभ्यासवर्गात मैत्रिणीशी यावरून वादही झाला. ती मूळची देवासची. तिचं म्हणणं, सरदार पटेलांनी दिलेला शब्द होता, त्या शब्दावर लोकांनी राज्यं सोडली. तेही खोटं नाही. पण आम्हा दोघींना एक गोष्ट सारखीच खटकली. संसदेने जे करायला नकार दिला, तेच दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींच्या सहीने कसं होऊ शकतं?

माधवराव शिंदे आणि इतर काही संस्थानिक कोर्टात गेले. त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे राहिले, जे मुळात इंग्रजी साहित्याचे एम. ए. (आपल्यालाही आशा आहे!). अकरा न्यायाधीशांचं पीठ बसलं. सरन्यायाधीश होते एम. हिदायतुल्ला, पूर्वी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. आणखी एक गोष्ट मला फार रोचक वाटते: १९६९ मध्ये महिनाभर ते स्वतः हंगामी राष्ट्रपती होते. त्या खुर्चीत बसून सही करणं म्हणजे काय, हे त्यांना ऐकून माहीत नव्हतं, अनुभवाने माहीत होतं.

निकाल आला १५ डिसेंबर १९७० ला, हिदायतुल्लांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी. नऊ विरुद्ध दोन. राष्ट्रपतींचा आदेश रद्द. बहुमताचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं: व्हाइसरॉयकडे संस्थानिकांवरची जी सार्वभौम सत्ता होती, ती १९४७ मध्ये संपली, ती वारसाहक्काने राष्ट्रपतींकडे आलेली नाही. राष्ट्रपतींना जे काही आहे ते घटनेने दिलेलं. व्याख्येतला अधिकार गादीवर खरा वारस कोण हे ठरवण्यासाठी आहे, ती सगळी व्यवस्थाच पुसून टाकण्यासाठी नाही. शब्दकोशातून एक शब्द खोडून घटनेचं कलम मारता येत नाही.

म्हणजे तनखे वाचले? वर्षभरच. लोकसभा विसर्जित झाली, १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने आल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ऐन नाताळच्या आठवड्यात, २६ वी घटनादुरुस्ती झाली. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मिळालं. २९१ आणि ३६२ ही कलमं गेली, मान्यता गेली, तनखे गेले. त्या विधेयकावर सही कुणाची? गिरींचीच. राष्ट्रपती तेच, पंतप्रधान त्याच, परिणाम तोच. १९७० ची सही कोर्टात टिकली नाही, १९७१ ची टिकली. पहिल्या सहीमागे फक्त मंत्रिमंडळ होतं. दुसरीच्या मागे संसद होती.

आता ज्युनिअरचा प्रश्न. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, हे खरं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते कलम ७४ मध्ये स्पष्टच लिहिलं, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा दिली. गिरींच्या वेळी ही मुभा लेखी नव्हती. पण समजा असती, तर हैदराबादहून तो कागद परत आला असता का? मला माहीत नाही, आणि गिरींना दोष देणंही सोपं आहे. माझ्या मते १९७० मध्ये राष्ट्रपती संसदेपेक्षा मोठे व्हायला निघाले नव्हते. मंत्रिमंडळाने संसदेला वळसा घालायला त्यांचा हात वापरला. त्यामुळे "राष्ट्रपती मोठे की संसद" असं विचारण्यापेक्षा, समोरच्या कागदावर सही करायचा अधिकार कुठल्या कलमातून येतोय, हे विचारलं तर जास्त हाती लागतं. शिवाय कलम ७९ प्रमाणे संसद म्हणजे दोन सभागृहं आणि राष्ट्रपती, तिघं मिळून. हे मी वाचलं तेव्हा मलाच नवीन होतं.

जाता जाता, गोष्ट १९७१ ला संपली नाही. २६ व्या दुरुस्तीलाही आव्हान दिलं गेलं आणि त्यातले एक अर्जदार आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे होते. देवाससारखीच तिथेही थोरली-धाकटी अशी दोन संस्थानं. १९९३ मध्ये रघुनाथराव गणपतराव या खटल्यात सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती वैध ठरवली.

पुढच्या शनिवारी अभ्यासवर्गात कलम १११ आणि ३६८ शेजारी शेजारी ठेवून वाचायचं आहे. साध्या विधेयकावर राष्ट्रपती काय करू शकतात आणि घटनादुरुस्तीवर काय करू शकत नाहीत, ते दोन्हीतून शोधून या. घटनेची मराठी प्रत लायब्ररीत आहे, पण एकच, तेव्हा लवकर जा.