आपली तुअर आणि तिची परीक्षा



आपल्या घरी वरण झाले नाही असा दिवस विरळाच. इंदूरच्या बाजारात जिला तुअर म्हणतात, तीच आपली तूर. तिच्या डाळीत सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. गहू-तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते तुरीत भरपूर मिळते. तुरीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. म्हणून वरण-भात ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते.

गेल्या वर्षी शाळेच्या बागेत आम्ही तुरीची एक ओळ लावली होती. पावसाळ्यात झाडे छान वाढली. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर येऊन पाहतो तो, ऐन फुलोऱ्यात काही झाडे उभ्या उभ्या वाळलेली! मुलांनी पाणी घातले, उपयोग झाला नाही. एक खोड उभे चिरले, तेव्हा आत काळपट रेषा दिसल्या. हा मर रोग. मातीतील बुरशी मुळांतून शिरते व पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. आपली तर एक ओळच गेली. शेतकऱ्याची मात्र पेरणी, निंदणी, सारी मेहनत जाते.

मग उपाय काय? हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली इक्रिसॅट ही संशोधन संस्था स्थापन झाली. रोगाला टिकणारी तूर शोधण्याची तेथील शास्त्रज्ञांची रीत पाहण्यासारखी आहे. ते रोगट जमीन मुद्दाम तशीच राखतात आणि तिच्यात अनेक प्रकारची तूर पेरतात. बहुतेक झाडे मरतात. जी तगतात त्यांचेच बी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जमिनीत पेरतात. मधमाश्या दुसऱ्या झाडाचे पराग आणतात, म्हणून फुलांवर कापडी पिशव्या बांधतात. अशी परीक्षा वर्षानुवर्षे चालते.

या कामातून १९८६ साली कर्नाटकात मर रोगाला टिकणारा ‘मारुती’ वाण आला. १९९३ साली ‘आशा’ आला. तो मर रोगाला आणि फुलेच येऊ न देणाऱ्या वांझ रोगालाही दाद देत नाही. २०१० साली आपल्या मध्य प्रदेशासाठी आयसीपीएच २६७१ हा संकरित वाण निघाला. संकरित बी दरवर्षी नवे घ्यावे लागते; ‘आशा’चे घरचे बी ठेवता येते. मात्र ते शेताच्या मधल्या निरोगी झाडांचेच ठेवावे.

चांगले बी मिळाले तरी काळजी सुटत नाही. ही बुरशी जमिनीत दोन-तीन वर्षे जिवंत राहते. म्हणून यंदा आम्ही बागेची जागा बदलणार आहोत आणि तुरीच्या दोन ओळींमध्ये ज्वारी लावणार आहोत. ज्वारीमुळे मर कमी होते.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी आजोबांना विचारून यावे: तुमच्या शेतात कोणती तूर आहे आणि तिचे बी कोठून आले? उत्तर वहीत लिहून आणावे. पेरणीच्या दिवशी आपण सर्व वह्या मिळून वाचू.