मिशनरी कुटुंबांची स्वदेशची रजा

मिशनरी कुटुंबे साधारण सात वर्षांनी वर्षभर स्वदेशी जात. या रजेस आपल्या मंडळीत 'फर्लो' म्हणत. घरातील वडील माणसे 'तेव्हा साहेब फर्लोवर होते' असे सांगू लागली, म्हणजे आम्हां मुलांस वाटे की साहेब तिकडे मेजवान्या झोडीत असतील. पुढे जुने वृत्तांत वाचले आणि या समजुतीची लाज वाटली.

आरंभी अशी रजा नव्हतीच. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आले, ते मायदेशी परत गेले नाहीत. १८२५ साली मुलांच्या प्रकृतीस्तव पत्नी व दोन मुलगे यांस त्यांनी अमेरिकेकडे रवाना केले. एक मुलगा वाटेतच वारला. पुढील वर्षी मार्च महिन्यात, आपल्या खानदेशाच्या शेजारी, नाशिककडे फिरतीवर असता हॉलसाहेब पटकीने मरण पावले. १८३९ साली आलेले रॉबर्ट विल्सन ह्यूम प्रकृती ढासळल्यामुळे १८५४ साली सहकुटुंब निघाले. तेही समुद्रावरच वारले. त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन याचा जन्म १८४७ सालचा, मुंबईचा. विद्यार्थिमित्रहो, त्या सात वर्षांच्या मुलाचा स्वदेश कोणता? तो शिकून मोठा झाला आणि १८७४ साली अहमदनगरास कामावर आला, हे त्याचे उत्तर समजावे काय?

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला आणि रजा शक्य झाली. तथापि ती विश्रांतीची क्वचितच असे. गावोगाव व्याख्याने द्यावयाची आणि कार्यासाठी देणग्या मिळवावयाच्या, यातच वर्षाचा मोठा भाग जाई. सुख मिळे ते मधल्या फटींत. नळाचे पाणी न उकळता पिणे, झाडावरचे सफरचंद हाताने तोडणे, उपासनेत मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा उपदेश मातृभाषेत ऐकणे! धुळे-जळगावचा वैशाख ज्याने सोसला आहे, त्यालाच पहिल्या बर्फाचे मोल कळेल.

पण सर्वांत मोठा लाभ म्हणजे सारे कुटुंब एका मेजावर जेवावयास बसणे. इकडे असता मुले दूर डोंगरावरील शाळेत राहत. कोडाईकनालची अशी शाळा १९०१ साली निघाली. आईबापांची भेट सुटीपुरती. रजेत मात्र रोज सकाळी मुलांचा गलबला ऐकू येई. आणि रजा सरली की पुष्कळदा मोठ्या मुलास पुढील शिक्षणासाठी नातलगांकडे ठेवून यावे लागे.

माझी आजी खानदेशात अशाच एका कुटुंबाकडे स्वयंपाकास होती. ती सांगे, रजेहून परतल्या दिवशी धाकट्या मुलाने ओट्याशी येऊन आधी कळण्याची भाकरी मागितली. मडमसाहेब तिकडच्या थंड पाण्याचे वर्णन करीत होत्या. आजीने सवयीने थोरल्याचेही ताट मांडले. चूक ध्यानात येताच ती उचलू लागली, तो मडमसाहेबांनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "असू द्या, सोनाबाई. आजच्या दिवस असू द्या."